कुर्ल्याची पॅलिओ, उज्जैनचे रस्ते



गेल्या स्नेहसंमेलनात हॉलबाहेर उभी असलेली माझी लाल गाडी पाहून तीन-चार मुलांनी मला गाठले. "दादा, एवढी भारी गाडी, खाली का नाही केलीत? कॉइलओव्हर टाका ना!" आत पंगत बसत होती, म्हणून "सांगतो कधीतरी" म्हणून मी सटकलो. खरे उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. ती गाडी मी एकदा खाली केली होती. त्यातून काय झाले आणि पुढे मी काय शिकलो, ते आज सविस्तर सांगतो. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचावे, कारण मागच्या सीटवर बसायची वेळ सगळ्यांवरच येते.

काकांची गाडी

गाडी आहे २००३ ची फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स. आजच्या मुलांना पॅलिओ हे नाव कदाचित माहीत नसेल. २००१ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिच्या जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर होता. त्याच्या जर्सीच्या दहा क्रमांकावरून 'एस टेन' नावाची खास आवृत्तीही निघाली होती. २००२ मध्ये सचिनला मायकेल शूमाकरच्या हातून फेरारी मिळाली, ती फियाटच्याच कृपेने. फेरारी आपल्या नशिबात नव्हती, पण फियाटच्याच घराण्यातली पॅलिओ मध्यमवर्गीय माणसाला परवडत होती. त्यातही १.६ म्हणजे त्या काळच्या छोट्या गाड्यांत तालमीतला पहिलवान. शंभर अश्वशक्ती, जड आणि भक्कम दरवाजे, आणि पेट्रोलची भूक मात्र अशी की पंपावरचा मुलगा नावाने ओळखायचा.

माझे काका मुंबईत कुर्ल्याला राहायचे. जिथे पूर्वी प्रीमियर पद्मिनी बनायची, त्याच कुर्ल्यात पॅलिओही बनत होती. काका म्हणायचे, "गावातलीच पोरगी सून करून आणली." २०१२ मध्ये त्यांना रात्री दिसायचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी गाडी माझ्या नावावर करून दिली. ना-हरकत दाखला, मध्य प्रदेशातली नवी नोंदणी, कर, असे सगळे सोपस्कार करून ती उज्जैनला आली. काका २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून ती गाडी विकायचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

तिची पंधरा वर्षांची नोंदणी २०१८ मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२३ च्या खेपेला त्याची फी पाच हजार रुपये भरली आणि मनात आले, आता पुढची पाच वर्षे निश्चिंती, तर गाडीला जरा नटवूया.

माझा शहाणपणा

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. कॉलेजात असताना पिथमपूरला होणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी आमच्या संघाने गाडी बनवली होती आणि मी सस्पेन्शनच्या गटात होतो. म्हणजे मला यातले कळत नव्हते असे म्हणायची सोय नाही. कळत होते, पण वळले नाही.

रोज उज्जैन ते इंदूर, जाऊन-येऊन शंभर-एकशे दहा किलोमीटर. गाडी वळणावर कलंडल्यासारखी वाटायची, खड्ड्यातून गेली की तीन-चार वेळा डुलायची. इंटरनेटवर कॉइलओव्हरचा एक संच सापडला. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकर एकत्र, आणि आटे फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करायची सोय. किंमत बावन्न हजार. विक्रेत्याने सांगितले, "पॅलिओला बसतो." स्प्रिंग किती कडक आहे, हे मी विचारलेसुद्धा नाही. फोटोत निळा रंग छान दिसत होता.

आगर रोडवरच्या ज्या उस्तादांकडे मी वर्षानुवर्षे गाडी नेतो, त्यांनी संच हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भिया, ये गाड़ी के लिए है या फोटो के लिए?" मी हसलो. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली. फ्रीगंजच्या टॉवरपाशी उभी केली की पोरे वळून बघायची. वळणावर गाडी खरोखरच रुळावर असल्यासारखी जायची. एकट्याने चालवताना धक्के बसायचे, पण ते मला 'स्पोर्टी' वाटायचे.

त्या डिसेंबरात काकू उज्जैनला आल्या. सिद्धवटावर काकांचे श्राद्ध करायचे होते. मी इंदूरच्या विमानतळावर त्यांना घ्यायला गेलो. पुढे मी आणि बाबा, मागे आई आणि काकू, डिकीत दोन मोठ्या बॅगा. रस्त्यातल्या एका गावाजवळ नवा गतिरोधक केलेला होता, त्यावर अजून पांढरे पट्टेही नव्हते. मी ब्रेक लावला, पण उशीर झाला. पुढची चाके जेमतेम उतरली आणि मागून असा आवाज आला की मला वाटले, काहीतरी तुटले.

गाडीत काहीच तुटले नव्हते. काकूंनी मात्र ओठ घट्ट मिटून डोळे बंद केले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना उठता येईना. एक्स-रे काढला. हाडे वयाने ठिसूळ झालेली होती आणि त्या एका धक्क्याने कमरेचा एक मणका दबला होता. दीड महिना पट्टा आणि विश्रांती. श्राद्ध मी केले, काकू घरी पडून होत्या.

त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एकदा, मी त्यांना औषध द्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "यांच्या हातात ती अशी आपटत नव्हती रे."

त्या रात्री मी कॉलेजच्या वह्या शोधल्या.

नेमके काय चुकले

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ज्याला इकडे शॉकर आणि महाराष्ट्रात शॉकअप म्हणतात, तो धक्का पचवत नाही. धक्का पचवते स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि ती ऊर्जा स्वतःत साठवते. पण साठवलेले ती परत देणारच. शॉकर नसेल तर गाडी पाळण्यासारखी वरखाली होत राहील. शॉकरमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, तापते आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात उडून जाते. थोडक्यात, स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉकर तिला शांत करतो. या दोघांचा मेळ बसला पाहिजे.

माझ्या गाडीचे जुने शॉकर वीस वर्षांचे होते. आत दाब उरला नव्हता, तेल पाझरलेले होते. गाडी डुलायची ती त्यामुळे. स्प्रिंगा मऊ होत्या म्हणून नव्हे. म्हणजे आजार शॉकरचा होता आणि मी औषध दिले स्प्रिंगला, तेही दुप्पट मात्रेत.

स्प्रिंगचा कडकपणा समजून घ्यायला एक सोपे गणित आहे. रिकामी, मोकळी स्प्रिंग गाडीच्या वजनाने किती सेंटीमीटर दबते ते पाहा. त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि पाचाला त्याने भागा. उत्तर येते ते गाडी सेकंदाला किती वेळा डुलते याचे. स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबत असेल तर सेकंदाला एकदा, ११ सेंटीमीटर दबत असेल तर साधारण दीड वेळा, आणि सव्वासहा सेंटीमीटर दबत असेल तर दोनदा. घरगुती गाड्या एक ते दीडच्या दरम्यान असतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात, म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर पुढचे-मागचे डुलणे लवकर जुळते. दोनच्या पुढे गेलो की आपण शर्यतीच्या गाडीकडे सरकतो. माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांचा, कारण त्या वेगाला पोट आणि पाठीचा कणा स्वतःच हलायला लागतात. स्प्रिंग जितकी कडक, तितके हे हादरे जास्त आत येतात.

गाडी मी वजनकाट्यावर नेली. देवास रोडवरच्या काट्यावर ट्रकांच्या रांगेत माझी चिमुकली लाल गाडी पाहून काटेवाला म्हणाला, "इसमें क्या भरा है?" आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके काट्यावर. एकूण १,०४० किलो, त्यातले ६४० पुढे आणि ४०० मागे. म्हणजे मागच्या एका चाकावर दोनशे किलोच. त्यातून चाक, टायर, ब्रेक यांचे वजन वजा केले तर स्प्रिंगवर साधारण १७० किलो.

मूळ मागच्या स्प्रिंगचा कडकपणा मी माप घेऊन काढला, तो एक मिलिमीटर दाबायला सुमारे दोन किलो असा होता. त्याने मागची बाजू रिकामी असताना सेकंदाला सुमारे १.७ वेळा डुलते आणि माणसे-सामान भरल्यावर १.४ वर येते. निळ्या संचाची मागची स्प्रिंग चार किलोची निघाली. दुप्पट! रिकामी असताना २.४ आणि भरल्यावरही दोन.

पण खरा घात झाला तो जागेचा. चाकाला वर जायला जी मोकळी जागा असते, ती संपली की शेवटी रबराचा गुटका असतो, त्याला बम्प स्टॉप म्हणतात. माझ्या मोजणीप्रमाणे मूळ रिकाम्या गाडीत मागे ७५ मिलिमीटर जागा होती. दोन माणसे आणि बॅगा बसल्यावर ३८ उरायची. मी गाडी आधीच ४० मिलिमीटर खाली आणली होती. त्यामुळे त्या दिवशी भरलेल्या गाडीत फक्त १७ मिलिमीटर उरली होती, म्हणजे आपल्या बोटाएवढी. स्प्रिंग दुप्पट कडक धरली तरी गुटक्यावर आपटेपर्यंत धक्का पचवायची ताकद निम्म्याहून कमी झाली होती. आणि मागची सीट असते मागच्या चाकांच्या जवळ. पुढे बसणारा दोन चाकांच्या मध्ये असल्याने वाचतो, मागचा सगळे झेलतो. काकू तिथे बसल्या होत्या.

हे गणित एका कागदावर मावते. पैसे देण्यापूर्वी ते करायला मला एक तास लागला असता.

कोणासाठी निवडायचे

दुसऱ्या खेपेला मी आधी कागदावर चारच ओळी लिहिल्या. गाडी कुठे चालणार? उज्जैन-इंदूर, सिंहस्थाच्या तयारीत जागोजागी उकरलेला रस्ता, आणि पटनी बाजारासारख्या जुन्या गल्ल्या. किती माणसे बसणार? कधी एक, कधी चार. त्यात सर्वांत नाजूक कोण? काकू. शर्यतीत पळणार का? कधीच नाही.

पिथमपूरला नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग आहे, २०२१ मध्ये सुरू झाला. तिथला डांबर आरशासारखा. त्या रस्त्यासाठी गाडी बांधायची तर माझा निळा संच कदाचित शोभलाही असता. पण तिथून बाहेर पडले की आपला रस्ता सुरू होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. आपल्या गावागावांत रात्रीतून उगवणारे गतिरोधक मोजून पाहा, रुंदी हातभरही भरणार नाही. सस्पेन्शन त्यांच्यासाठी निवडायचे आहे.

मग निर्णय सोपा झाला. उंची मूळचीच ठेवायची. स्प्रिंगचा कडकपणा मूळचाच. शॉकर नवे, गॅसचे आणि मूळच्यापेक्षा किंचित घट्ट. आणि मधले सगळे रबर नवे.

हे शेवटचे वाक्य बहुतेक जण विसरतात. गाडीच्या लोअर आर्मचे बुश, स्ट्रटच्या वरचे माउंटिंग, लिंक रॉड, बॉल जॉइंट, बम्प स्टॉप हे सगळे वीस वर्षांत बिस्किटासारखे झालेले असते. नवा शॉकर जुन्या बुशवर बसवणे म्हणजे किडलेल्या चौकटीला नवा दरवाजा लावणे. पॅलिओला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम आहे, रचना साधी आहे, त्यामुळे सगळे रबर बदलायलाही फार खर्च येत नाही.

माल शोधायची तऱ्हा

पॅलिओ बंद होऊन दशक उलटले आणि २०१९ पासून फियाटच्या गाड्याही आपल्याकडे विकायच्या थांबल्या. मग सुटे भाग कुठे मिळणार? इथे एक गोष्ट उपयोगी पडली. पॅलिओ ही फक्त भारताची गाडी नव्हती. खडबडीत रस्त्यांच्या देशांसाठी फियाटने ती मुद्दाम आखली आणि १९९६ मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम आणली. तुर्कस्तानात तिची बहीण अल्बिया घरोघरी होती. म्हणजे जुनी गाडी घेतली की तिचे जगभरचे गणगोत माहीत करून घ्यावे.

तुर्कस्तानातल्या एका विक्रेत्याला मी लिहिले. फोटोत त्याचा शॉकर हुबेहूब माझ्यासारखा. या वेळी मात्र मी पाच मापे मागितली : पूर्ण उघडा असताना लांबी, पूर्ण दाबलेला असताना लांबी, दांड्याची जाडी आणि आटे, खालच्या बोल्टच्या भोकांमधले अंतर, आणि स्प्रिंग जिथे बसते त्या वाटीची उंची. त्याने प्रामाणिकपणे सगळी पाठवली. खालच्या बोल्टचे अंतर जुळले नाही. शिवाय कुरिअर आणि कस्टमचा खर्च धरला तर किंमत दुप्पट होत होती. तो नाद सोडला.

बिलस्टीन, कोनी, केवायबी ही परदेशी नावे तुम्ही ऐकली असतील. उत्तम माल असतो, यात शंका नाही. बिलस्टीनने १९५० च्या दशकात मर्सिडीजसाठी एकनळी गॅस शॉकर बनवले, ती पद्धत आज शर्यतीत सगळीकडे दिसते. पण तुमच्या गाडीसाठी नेमका बनवलेला क्रमांक नसेल, तर मोठ्या नावाचाही उपयोग नाही. दुसऱ्या गाडीचा शॉकर कापून-जोडून बसवण्यापेक्षा साधा पण मापाचा बरा.

गंमत म्हणजे आपण राहतो ते शॉकरच्या मुलुखातच. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ साली स्थापन झालेली कंपनी, पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला, आणि आता एक कारखाना आपल्या शेजारी देवासला. देवासमध्ये नोकरी करणारे कितीतरी मराठी काका-मामा आपल्या समाजात आहेत. अशाच एका काकांनी मला समजावले की कडक स्प्रिंगला शॉकरही त्या प्रमाणात घट्ट लागतो, आणि शॉकर उगाच घट्ट केला तर दबलेले चाक परत खाली यायला उशीर करते आणि पुढचा खड्डा अर्ध्या दबलेल्या स्थितीत झेलते. लागोपाठ खड्ड्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते ती यामुळे.

मागचे दोन गॅस शॉकर मला इंदूरच्या एका घाऊक दुकानात मिळाले. पुढचे मात्र कुठेच मिळेनात. शेवटी काकूंनीच विचारले, "कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघितलंस का? हे तिकडूनच आणायचे सगळं." जुन्या-नव्या सुट्या भागांसाठी तो रस्ता मुंबईत प्रसिद्ध आहे. ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलो तेव्हा एक शनिवार तिथे घालवला. सहाव्या दुकानात पोटमाळ्यावरून धुळीने माखलेली दोन खोकी खाली आली. आत कोरे गॅस शॉकर. व्हर्निअर मी खिशात घेऊनच गेलो होतो. पाचही मापे जुळली. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात तिचे पाय मिळाले. तो कारखाना आता नाही, माल मात्र पोटमाळ्यावर शिल्लक आहे.

मागच्या स्प्रिंगा बारा मिलिमीटर बसल्या होत्या, त्या दिल्लीच्या काश्मीरी गेटच्या बाजारातून मागवल्या. इथेही व्हर्निअरच कामाला आले. स्प्रिंगच्या तारेची जाडी दहा टक्के वाढली की कडकपणा जवळजवळ शेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. आणि कोणी "दो छल्ले काट देते हैं" म्हणाला तर तिथून निघा. सहा वेढ्यांतला एक कापला तरी स्प्रिंग वीस टक्के कडक होते, आणि कापलेले टोक वाटीत नीट बसत नाही ते वेगळेच.

बसवताना

सगळे सामान घेऊन उस्तादांकडे गेलो. निळा संच परत काढताना ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्याकडून आणि अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी :

शॉकर नेहमी जोडीने बदलावेत, दोन्ही पुढचे किंवा दोन्ही मागचे. एकच बदलला तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

बरीच वर्षे आडवा पडून असलेला शॉकर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-उघडून घ्यावा, म्हणजे आतला गॅस आणि तेल आपापल्या जागी येतात.

रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून आवळावेत. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

स्ट्रटमधली स्प्रिंग दाबायचे काम घरी कोणीही करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. योग्य कॉम्प्रेसर आणि सवयीचा हात, दोन्ही हवेत.

शेवटी चाकांचे अलाइनमेंट. खर्च विचाराल तर पुढचे शॉकर ९,२००, मागचे ४,८००, मागच्या स्प्रिंगा ३,६००, बुश-माउंटिंग वगैरे ७,४००, मजुरी ५,००० आणि अलाइनमेंट ८००. एकूण ३०,८०० रुपये. निळा संच बावन्न हजारांचा होता, तो अठरा हजारांत विकला. घेणाऱ्याला सगळी हकीकत सांगूनच विकला.

एक कायद्याची बाब. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. मूळ मापाचा नवा शॉकर बसवणे ही दुरुस्ती झाली. गाडी जमिनीला टेकवणे ही दुरुस्ती नव्हे. अपघात झाला तर विमावालाही हाच प्रश्न विचारेल. माझ्या गाडीची पुढची तपासणी २०२८ मध्ये, ऐन सिंहस्थाच्या वर्षी. या वेळी मी निर्धास्त आहे.

ओंकारेश्वर

गाडी आता वळणावर पूर्वीच्या निळ्या संचाइतकी सपाट जात नाही. थोडी कलते. पण खड्ड्यातून गेली की एकदाच दबते, वर येते आणि थांबते. मागे-पुढे डुलणे नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला तर चाके उडत नाहीत, रस्ता धरून राहतात. खरे सांगायचे तर गाडी आता आधीपेक्षा वेगात जाते, कारण मला प्रत्येक खड्ड्याला भिऊन वेग कमी करावा लागत नाही.

काकू पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आल्या. आईने ओंकारेश्वरचा बेत काढला. मी म्हटले, "काकू, तुमच्यासाठी मोठी टॅक्सी करतो." त्या म्हणाल्या, "कशाला? आपली आहे ना." मी त्यांना पुढे बसवायला निघालो, तर त्या नेहमीसारख्या मागेच जाऊन बसल्या, आईशेजारी.

निघण्यापूर्वी मी टायरची हवा दोनदा तपासली. इंदूर सोडले, सिमरोल गेले, भेरू घाटाची वळणे सुरू झाली. प्रत्येक गतिरोधकाला माझे लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त. दोघींच्या गप्पा चालल्या होत्या, मग त्याही थांबल्या. मला धस्स झाले. बडवाहच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबवली आणि मागे वळून पाहिले.

काकू गाढ झोपल्या होत्या. आईने बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायची खूण केली.

तर मुलांनो, गाडी खाली का नाही केली, याचे हे उत्तर. पुढच्या संमेलनात गाडी बाहेरच उभी असेल. कोपऱ्यावर हात ठेवून जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकर शाबूत. मग आपापल्या घरच्या गाडीचीही अशीच परीक्षा घ्या, आणि तुमच्या मागच्या सीटवर कोण बसते, ते आधी बघा.